'नर्व्हस होतं' म्हणजे नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय २५, मूळ परभणी जिल्ह्यातले, गेली तीन वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी. लेखी परीक्षा दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा मुलाखतीत गेलं. मागच्या खेपेला पॅनेलने गावाचं नाव विचारलं आणि ते सांगतानाच आवाज कापला, जीभ टाळूला चिकटली, पुढची दहा मिनिटं आपण काय बोललो ते आठवत नाही. आता सहा आठवड्यांनी पुन्हा मुलाखत आहे. रूममेटने एक गोळी सांगितली आहे, 'घेतली की एकदम थंड राहतोस' असं त्याचं म्हणणं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. हा आजार आहे का, गोळी घेऊ का, आणि हे कधी जाईल का.

मी ३१ वर्षं तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, पण 'छातीत धडधडतंय' म्हणत येणारा माणूस आमच्याकडे पहिल्यांदा येतो, त्यामुळे हा विषय रोज हाताखालून जातो. तुम्हाला न तपासता जेवढं सांगता येतं तेवढं सविस्तर सांगतो.

कुणी 'नर्व्हस होतं' म्हणालं की मी आधी विचारतो, म्हणजे काय होतं ते सांगा. कारण मराठीत हा शब्द आपण निदान तीन गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे निकालाच्या दिवशीची धाकधूक. दुसरी उदासी. 'काय रे, आज नर्व्हस दिसतोस' असं आपण म्हणतो तेव्हा समोरचा घाबरलेला नसतो, खट्टू झालेला असतो. तिसरा अर्थ जुन्या माणसांचा : अंगात त्राण नाही, हातापायांना मुंग्या येतात, 'नसा कमजोर झाल्यात'. ही तिन्ही दुखणी वेगळी आणि उपायही वेगळे. काही वर्षांपूर्वी एक बाई 'नर्व्हस वाटतं' म्हणून आल्या. मी ती धाकधूक समजलो आणि श्वासाचे व्यायाम सांगून घरी पाठवलं. तिसऱ्या खेपेला नीट विचारलं तेव्हा कळलं की तीन महिने त्यांना जेवण गोड लागत नव्हतं आणि रोज पहाटे तीनला जाग येत होती. ते नैराश्य होतं, आणि माझ्या न विचारण्यात त्यांचे पाच आठवडे गेले. तेव्हापासून हा प्रश्न मी कधी चुकवत नाही. तुमच्या लिहिण्यावरून तुमचं दुखणं पहिल्या प्रकारातलं दिसतं. पण हल्ली दिवसदिवस मन लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी ते डॉक्टरांना सांगा.

आता या धाकधुकीत शरीरात काय चालतं ते बघू, कारण हे कळल्यावर निम्मी भीती उतरते असा माझा अनुभव आहे. आपल्या जुन्या वाक्प्रचारांनी ही लक्षणं इतकी नेमकी टिपली आहेत की मी पेशंटला त्यांच्याच आधाराने समजावतो. मेंदूला धोका जाणवला की मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. हृदय जोरात आणि वेगात चालू लागतं : छातीत धस्स होतं. पोटाकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं : पोटात गोळा येतो. पातळ लाळ सुटणं कमी होतं : तोंडचं पाणी पळतं. हे अगदी शब्दशः खरं आहे, आणि लाळ आटली की जीभ अडखळते, म्हणून बोबडी वळते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात : हातपाय थंड पडतात. तळहात घामेजतात, केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू ताणले जातात आणि अंगावर काटा येतो. स्नायूंना सूक्ष्म कंप सुटतो, म्हणजे कापरं भरतं. स्वरयंत्र हेही स्नायूंनीच चालतं, म्हणून हातांबरोबर आवाजही कापतो. तुमचा आवाज कापला त्यात तुमच्या मनाच्या दुबळेपणाचा काही संबंध नाही. हात कापणं आणि आवाज कापणं ही एकच क्रिया आहे.

अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमाराला या सगळ्याची सांगड घातली : लढायची किंवा पळायची तयारी. जुन्नरकडे उसात बिबट्या समोर आला तर यातली प्रत्येक गोष्ट उपयोगाची आहे. अडचण एवढीच की मुलाखतीच्या खोलीत लढायचंही नसतं आणि पळायचंही नसतं. दीड-दोनशे मीटर धावायला पुरेल एवढी तयारी घेऊन तुम्ही खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसता. ती ताकद मग थरथरीतून बाहेर पडते.

म्हणून हा आजार आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर : मुलाखतीच्या दारात हे होणं आजार नाही. ज्या गोष्टीची आपल्याला मनापासून पडलेली असते तिच्याच आधी हे होतं. तुम्ही लिहिलंय की वडिलांनी तीन वर्षं पुण्याचा खर्च सोसला आणि धाकट्या बहिणीचं लग्न तुमच्या निकालासाठी थांबलंय. एवढं ओझं पाठीवर घेऊन त्या खोलीत जाणाऱ्याची छाती धडधडली नाही तरच मला आश्चर्य वाटेल. 'परीक्षाच तर आहे, काय एवढं' असं मी तुम्हाला म्हणणार नाही.

दवाखान्यातली एक रोजची गोष्ट सांगतो. शेतकरी माणूस बीपी तपासायला येतो. स्टुलावर अवघडून बसतो, बाही वर सारतो, पट्टा आवळायला लागला की श्वास रोखून काट्याकडे बघत राहतो. पहिलं रीडिंग येतं १५२-९४. मी पट्टा सैल करतो, काही बोलत नाही, चिठ्ठीवर तारीख घालतो. मग विचारतो की यंदा तुरीला शेंगा कशा आहेत. तो सांगू लागतो. खांदे खाली येतात, मुठीत धरलेली टोपी गुडघ्यावर जाते. दहा मिनिटांनी पुन्हा मोजतो तर १२८-८२. माणूस तोच, हात तोच, यंत्र तेच. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटासमोर चढणारं हे बीपी सगळ्या जगातल्या डॉक्टरांना माहीत आहे, म्हणून पहिल्या रीडिंगवर कुणी शहाणा डॉक्टर निदान करत नाही. ज्याला तपासलं जातंय त्याचं अंग ताठ होतंच. तुमच्या पॅनेलने पहिलाच प्रश्न गावाचा का विचारला असेल? मला तरी वाटतं, मी तुरीबद्दल विचारतो त्याच कारणाने. झोपेतही सांगता येईल असा प्रश्न, समोरचा जरा सैल व्हावा म्हणून. तुम्ही मात्र ते पहिलं रीडिंग निकाल समजलात.

इथेच मला तुमची खरी अडचण दिसते. आवाज कापला हे एक. तो कापल्यावर तुमच्या मनात काय आलं ते तुम्हीच लिहिलंय : 'झालं, यांना कळलं, गेलो आपण.' ही दुसरी भीती. शरीर या विचारालाही नवा धोका समजतं आणि ॲड्रिनलिनचा दुसरा हप्ता सोडतं. पहिली लाट दोन-चार मिनिटांत ओसरायला लागलीच असती, कारण रक्तातलं ॲड्रिनलिन फार वेळ टिकत नाही. पण आपण धडधडीलाच घाबरलो की ते पुन्हापुन्हा भरत राहतं. पुढची दहा मिनिटं आठवत नाहीत ती यामुळे. तुमचं सगळं लक्ष आतल्या थरथरीवर पहारा देत होतं, प्रश्न ऐकायला ते उरलंच नव्हतं.

आणि 'यांना कळलं' हा अंदाजही बहुतेक वेळा फुगलेला असतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट चढवून भरल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं की किती जणांच्या लक्षात आलं असेल. त्यांचा अंदाज होता जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी ते चित्र ओळखलं होतं. मी पेशंटला टी-शर्ट घालायला लावत नाही, मोबाइल काढायला सांगतो. माझ्यासमोर दोन मिनिटं उभं राहून स्वतःबद्दल बोला, मी रेकॉर्ड करतो. बोलून झाल्यावर ते सांगतात, 'नुसता लटपटत होतो.' मग व्हिडिओ बघतात, आणि जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, 'एवढं काही दिसत नाहीये की.' आतून भूकंप वाटतो तो बाहेरून पानाची सळसळ असतो. हे मी सांगून पटत नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं. तुम्ही आज रात्रीच बघा.

तिसरी गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. गेल्या मुलाखतीनंतर तुम्ही अभ्यासिकेतल्या गटचर्चेत मागे बसता, सराव मुलाखतीला नाव देऊन ऐनवेळी गेला नाहीत, अनोळखी नंबरचा फोन उचलत नाही. टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं. ती सुटका मेंदू लक्षात ठेवतो : पळालो म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला तो आणखी लवकर घंटा वाजवतो. धाकधुकीचं दुखण्यात रूपांतर होतं ते या टाळाटाळीमुळे.

माझ्या एका पेशंट बाई वयाच्या ५२ व्या वर्षी मुख्याध्यापिका झाल्या. तीस वर्षं वर्गात खणखणीत शिकवलं, पण पहिल्याच १५ ऑगस्टला ध्वजवंदनानंतर भाषणाचा कागद हातात असा फडफडू लागला की पुढच्या रांगेतली मुलं कागदाकडेच बघत होती. नोव्हेंबरात त्या माझ्याकडे आल्या ते २६ जानेवारीच्या रजेसाठी सर्टिफिकेट मागायला. मी म्हटलं, सर्टिफिकेट देतो, पण जानेवारीत मागा. तोवर एक करा. सकाळच्या परिपाठात सुविचार मुलं वाचतात, तो रोज तुम्ही वाचा. फक्त एक ओळ. पंधरा दिवसांनी सुविचार आणि दिनविशेष. डिसेंबरात एका इयत्तेची पालकसभा. आणि सुटा कागद हातात धरायचा नाही, परीक्षेच्या पॅडला लावायचा. सुटा कागद हाताची थरथर दहापट करून दाखवतो, पॅड ती गिळून टाकतं. २६ जानेवारीला पहिल्या दोन ओळी आवाज हलला, मग बसला. सर्टिफिकेट त्यांनी मागितलं नाही. परिपाठाने त्यांची धडधड गेली असं झालं नाही. धडधड असतानाही वाचता येतं हे त्यांच्या शरीराला पन्नास वेळा कळलं, एवढंच झालं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो. कारण प्रत्येक धडधड मनाची नसते. वजन उतरतंय, उकाडा सोसत नाही, हात सतत कापतात, बसल्या जागी नाडी शंभरच्या पुढे आहे, असं असेल तर थायरॉइड तपासायला हवं. रक्त कमी असेल तरी जिना चढताना छाती उडते. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्यामुळे मुलींच्या बाबतीत तर मी हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय 'टेन्शन आहे' असं म्हणतच नाही. सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचा पंप, यांनीही धडधड आणि कंप होतो. आणि अभ्यासिकेतला चहा. दिवसाला आठ-दहा कटिंग आणि रात्री दोनपर्यंत जागरण, हे तुम्ही सहज लिहून गेलात. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळच्या चहाचा बराच भाग मध्यरात्री तुमच्या रक्तात असतो. एकदम सोडू नका, डोकं दुखेल. दोन आठवड्यांत तीन कपांवर या आणि दुपारनंतर बंद करा. तुम्ही २५ वर्षांचे आहात, धडधड ठरावीक प्रसंगीच होते, एरवी नाही, म्हणून शरीराचं दुखणं असण्याची शक्यता कमी. तरी एकदा जवळच्या डॉक्टरांकडून नाडी, बीपी आणि साध्या रक्तचाचण्या करून घ्या. मनातली शंका एकदाची फिटते.

आणखी एक शक्यता मोकळेपणाने विचारात घ्या : कधी कधी धाकधूक खरी बातमी देत असते. स्वतःच्या जिल्ह्यातली पिकं, धरणं, पदवीचा विषय, अर्जात लिहिलेला छंद यांबद्दल नीट बोलता येत नसेल तर छाती धडधडते ती योग्यच कारणाने. तिथे श्वासाचे व्यायाम करण्यापेक्षा पुस्तक उघडलेलं बरं. इंग्रजीची धास्ती असेल तर मुलाखत मराठीतून देता येते, आणि परभणीच्या बोलीचा हेल लपवण्यात जी ताकद जाते ती उत्तरात घाला. हेल हा दोष नाही.

आता गोळी. तुम्ही तिचं नाव लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. अशा वेळी मुलं एकमेकांना ज्या गोळ्या देतात त्या बहुधा दोनांपैकी एका गटातल्या असतात. एक प्रोप्रॅनोलॉल. जेम्स ब्लॅक यांच्या चमूने ती १९६० च्या दशकात हृदयाच्या दुखण्यासाठी शोधली, पुढे १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. ती ॲड्रिनलिनला हृदयाच्या दारातच अडवते. नाडी मंदावते, हाताची थरथर कमी होते, आणि जगभरातले वादक ती मैफिलीआधी घेतात हेही खरं. पण दमा असलेल्याने ती घेतली तर श्वासनळ्या आवळून जीव धोक्यात येऊ शकतो. नाडी किंवा बीपी मुळात कमी असेल तर चक्कर येते. मधुमेहाचं इन्सुलिन घेणाऱ्यात साखर उतरल्याची खूण असलेली धडधडच ती झाकून टाकते. लहानपणी कधी 'बाळदमा' होता का, हे रूममेट विचारणार नाही, डॉक्टर विचारतील. मी ही गोळी मोजक्या लोकांना देतो. तपासून, कमी मात्रेत, आणि आधी एखाद्या रविवारी घरी घेऊन बघायला सांगतो. मुलाखतीच्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा ती घेणं मला मान्य नाही.

दुसरा गट अल्प्राझोलामचा, ज्याला लोक 'टेन्शनची गोळी' म्हणतात. ती मुलाखतीसाठी घेऊच नका. ती मेंदूलाच सुस्त करते. धडधड थांबेल, पण त्याबरोबर आठवण आणि हजरजबाबीपणाही मंदावतो, आणि तिची सवय फार लवकर लागते. एका मुलाखतीपुरती सुरू केलेली ही गोळी चार-चार वर्षं न सुटलेली माणसं मी बघितली आहेत, आणि ती सोडवताना त्यांचे झालेले हालही. दोन्ही गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत. रूममेटच्या पाकिटातली गोळी त्याच्याच पाकिटात राहू द्या.

मग सहा आठवड्यांत करायचं काय? माझ्या मते सगळा जोर पहिल्या दोन मिनिटांवर द्यावा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६५ मध्ये मांडलेली एक गोष्ट मला फार पटते : चारचौघांसमोर पक्की मुरलेली गोष्ट आणखी चांगली होते आणि अर्धीकच्ची गोष्ट आणखी बिघडते. म्हणून नाव, गाव, शिक्षण, घरी कोण, अधिकारी का व्हायचंय, ही उत्तरं तोंडात इतकी मुरवा की बेचा पाढा म्हणावा तशी यावीत. मनात म्हणून उपयोग नाही. मोठ्याने, खुर्चीत बसून, तोच शर्ट आणि तेच बूट घालून. बाकी मुलाखत पाठ करू नका, पाठ केलेलं एक वाक्य निसटलं की मागची दहा त्याच्याबरोबर जातात. पहिली दोन मिनिटं मात्र अशी असावीत की शरीर थरथरत असलं तरी जीभ आपलं काम करत राहील. तेवढ्यात लाट ओसरते.

श्वासाबद्दल एक गैरसमज आहे. 'दीर्घ श्वास घे' असं सगळे सांगतात, मग माणूस हवा गिळत सुटतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि तो आणखी घाबरतो. भर द्यायचा तो श्वास सोडण्यावर. श्वास सोडताना हृदयाची गती आपोआप थोडी मंदावते, ती व्यवस्था शरीरातच आहे. चार आकडे मोजत नाकाने घ्या, सहा किंवा सात मोजत सावकाश सोडा, गरम चहावर फुंकर घालावी तसा. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं, आजपासून. मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा कराल तर जमणार नाही, तीसुद्धा तालीमच आहे.

आणि माणसं. सहा आठवड्यांत निदान पंधरा वेळा अनोळखी माणसासमोर बसून बोला. मित्रांसमोर नको, मित्र सवयीचे असतात. अनोळखी फोन उचलायला लागा. मेसवाल्या काकूंना त्यांच्या गावाबद्दल विचारा. गटचर्चेत पहिल्या पाच मिनिटांत एक तरी वाक्य बोलायचं, कसंही आलं तरी चालेल. प्रत्येक वेळी धडधड होईल आणि होऊ द्यायची. ती जायची वाट बघून मग बोलायचं, असं करू नका.

धडधडीला नाव काय देता यावरही फरक पडतो. हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली दाखवलं की भाषणाआधी 'मी शांत आहे' असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मला हुरूप आलाय' या अर्थाचं म्हणणाऱ्यांचं भाषण चांगलं झालं. मला याचं कारण सोपं वाटतं : शरीर उसळलेलं असताना त्याला शांत म्हणणं खोटं आहे, आणि ते शरीराला कळतं. तुम्ही पुण्यात राहता. ढोल-ताशा पथकात पहिला ठोका पडायच्या आधीचा क्षण आठवा. हात थंड, घसा कोरडा, छाती उडतेय. लक्षणं तीच, पण तिथे कुणी 'मला काय होतंय' असं विचारत नाही.

आदल्या रात्री झोप लागली नाही तर घाबरू नका. एका रात्रीच्या जागरणाने माणूस मुलाखतीत नापास होत नाही, झोप येत नाही या काळजीने जास्त थकतो. सचिन तेंडुलकरने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की कारकिर्दीची दहा-बारा वर्षं सामन्याआधी त्याला झोप लागत नसे. पुढे ही आपल्या तयारीचीच पद्धत आहे असं त्याने मान्य केलं, आणि मग चहा करणं, कपड्यांना इस्त्री करणं, आदल्या दिवशीच बॅग भरून ठेवणं असली हातांची कामं तो करत असे. यातली इस्त्री तुम्ही नक्की उचला. आदल्या संध्याकाळी शर्टाला स्वतः इस्त्री करा, कागदपत्रं फाइलमध्ये क्रमाने लावा. मन रिकामं करता येत नाही, हात गुंतवता येतात.

आणि खोलीत गेल्यावर आवाज कापलाच, तर? थांबा. 'सर, पाणी घेऊ का?' एवढं म्हणा, दोन घोट घ्या, श्वास सोडा आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणा. तुमच्या मनात आलं होतं ना, 'झालं, गेलो आपण'? त्या जागी आता हे म्हणायचं : हे पहिलं रीडिंग आहे.

एवढं करूनही जमलं नाही, किंवा मुलाखत संपल्यावरही फोन, दुकान, लग्नकार्य टाळत राहिलात, हे सहा महिन्यांपेक्षा जास्त चाललं, धीर यावा म्हणून दारू लागायला लागली, किंवा विनाकारण रात्री-अपरात्री छाती धडधडून आता मरतो असं वाटायला लागलं, तर ती मानसोपचारतज्ज्ञांची पायरी आहे आणि ती चढायला लाजू नका. यावर बोलण्याच्या उपचाराने चांगला गुण येतो. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही आहे. निकाल लागेल त्या रात्री मन फारच खचलं तर तो नंबर लावा. हे मी प्रत्येक स्पर्धा परीक्षावाल्या मुलाला सांगतो, तुम्हालाही सांगतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, हे कधी जाईल का. तान्ह्या बाळाला सलाइन लावायची वेळ येते तेव्हा माझे हात आजही थंड पडतात. आई दारात उभी असते, बाळ रडून दमलेलं असतं, शीर केसाएवढी. थंड हात लागला की बाळ दचकतं आणि शीर आणखी आत जाते. म्हणून सिस्टर न सांगता स्टीलच्या पातेल्यात कोमट पाणी आणून ठेवतात. मी दोन्ही हात त्यात बुडवतो, पुसतो, एक श्वास सावकाश सोडतो आणि मग बाळाचा हात हातात घेऊन शीर शोधायला लागतो.